‘मोगली: लेजंड ऑफ द जंगल’ मुलांना दाखवावा का? मूळ गोष्टीपेक्षा तो इतका काळोखा का आहे?

तुमची मुलगी आठ वर्षांची. 2016चा डिस्नेचा ‘जंगल बुक’ तिला तोंडपाठ आहे, आणि आता नेटफ्लिक्सवर दिग्दर्शक अँडी सर्किसचा ‘मोगली’ दिसल्यापासून ती मागे लागली आहे. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की हा भयंकर आहे, मूळ गोष्टीची पार वाट लावली आहे. दाखवू की नको, असं तुम्ही विचारलंय.

आधी कामाचं सांगतो. आठव्या वर्षी नको. दहा-अकराची झाली की दाखवा, आणि शेजारी बसून दाखवा. अमेरिकेत त्याला पीजी-13 दिलंय, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांना सावधगिरीचा इशारा, ते उगीच नाही. रक्त तर आहेच, पण रक्ताचं मुलांना आपल्याला वाटतं तेवढं काही नसतं. त्यात एक प्रसंग आहे, तो मात्र मुलं घेऊन झोपतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

‘मूळ गोष्टीची वाट लावली’ हे मात्र मला मान्य नाही, आणि एवढं लांबलचक उत्तर त्याच्यासाठीच लिहितोय. वाट लागली असेल तर ती आधीच लागली होती, आपल्या सगळ्यांच्या आवडत्या चित्रपटांनी, गाणी म्हणत म्हणत.

मी भंडाऱ्याचा. आजोळ साकोलीकडचं, म्हणजे नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. 1993च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी ‘जंगल बुक’ लागायचं, गुलजारांचं शीर्षकगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. आम्ही सगळी भावंडं टीव्हीसमोर. आणि मागे आजी तांदूळ निवडत बसलेली. पडद्यावर बल्लू आला की ती हमखास पुटपुटायची, "हे अस्वल कुटचं बाप्पा?" आम्हाला हसू यायचं. तिला येत नसे. तिच्या गावात एक म्हातारा होता, बारा महिने तोंडाला पंचा गुंडाळून फिरायचा. मोहफुलं वेचायला पहाटे गेला होता, आणि झाडाखाली आधीच अस्वल फुलं खात बसलेलं. वाघाचं एक असतं, तो बहुधा माणसाची चाहूल लागली की निघून जातो. अस्वलाला नीट दिसत नाही, ते दचकतं आणि सरळ तोंडावर येतं. आमच्याकडे जंगलात जाणारी माणसं वाघाइतकीच, कधी जास्तच, अस्वलाला भितात. त्या आजीला पोट खाजवत नाचणारं अस्वल दाखवून काय उपयोग?

सर्किसचा बल्लू (आवाज आणि अभिनय त्याचा स्वतःचाच) बघितला तेव्हा मला आजी आठवली. ओबडधोबड, व्रण पडलेला, पिल्लांना शिस्त लावताना हात उचलणारा. बऱ्याच जणांना तो आवडला नाही. किपलिंगच्या मूळ पुस्तकातला बल्लूही मोगलीला जंगलाचा कायदा शिकवताना चापट्या मारतो, इतक्या की बगीरा त्याला त्यावरून बोलतो. म्हणजे मार मूळचाच आहे. नाच नंतरचा आहे.

तर पुस्तकाबद्दल. रडयार्ड किपलिंग जन्मला मुंबईत, 30 डिसेंबर 1865 रोजी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं त्यांचीच. (लॉकवुड हे नाव लक्षात ठेवा, लागणार आहे.) ‘द जंगल बुक’ आलं 1894 साली आणि दुसरा भाग 1895 साली. दोन्ही त्याने लिहिले ते अमेरिकेत व्हरमाँटला, बाहेर बर्फ पडत असताना. मध्य प्रदेशातल्या ज्या सिवनीच्या जंगलात त्याने मोगलीला सोडलं तिथे तो स्वतः कधी गेला नव्हता असंच मानतात. रॉबर्ट स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाने सातपुड्यातल्या सिवनीच्या मुक्कामावर 1877 साली एक पुस्तक लिहिलं होतं, त्यावरून किपलिंगने बरंच घेतलं.

न बघता लिहिलं तरी नदी त्याने खरी घेतली. पुस्तकात ती ‘वैनगंगा’ आहे, इंग्रजी स्पेलिंग थोडं वाकडं एवढंच. सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावते आणि खाली आमच्या भंडाऱ्यावरून, पवनीवरून चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते. आमच्या गावाला पाणी पाजणारी नदी एवढ्या जगप्रसिद्ध पुस्तकात आहे हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या पुस्तकात काय काय आहे ते बघा, म्हणजे काळोखाचा हिशेब लागेल.

शेरखान जन्मतः लंगडा आहे. शिकार जमत नाही म्हणून गुरं मारतो, माणसं मारतो. मोगली त्याला समोरासमोर लढून मारत नाही. तो तोवर गावात ढोरकी झालेला असतो, म्हशी चारायला नेत असतो. अकेला नावाचा म्हातारा लांडगा आणि एक लांडगा-भाऊ यांच्या मदतीने कळपाचे दोन भाग करतो आणि खाऊन सुस्त झालेल्या वाघाला नाल्याच्या दोन्ही बाजूंनी म्हशी घालून तुडवून मारतो. मग बसून त्याची कातडी सोलतो, दहा-अकरा वर्षांचं पोर. तेवढ्यात बुलदेव नावाचा गावचा शिकारी येतो. वाघावर शंभर रुपयांचं बक्षीस असतं, कान्हीवाड्याला जाऊन ते आपण घ्यावं आणि पोराच्या हातावर रुपया ठेवावा असा त्याचा बेत. तो फसतो. मग तो गावात जाऊन सांगतो की हा पोरगा चेटक्या आहे, लांडग्यांशी बोलतो. संध्याकाळी मोगली म्हशी घेऊन परत येतो तेव्हा सगळं गाव त्याच्यावर दगडफेक करतं.

इथे संपत नाही. दुसऱ्या भागात तेच गाव मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला बांधून कोंडून ठेवतं, चेटक्याला घरात घेतलं म्हणून. आता त्यांना जाळायचं असतं. मेसुआ म्हणजे मोगलीला ‘हा माझा वाघाने नेलेला नथू तर नाही?’ म्हणून जवळ घेणारी बाई. मोगली तिला सोडवतो, आणि नंतर हत्तीकडे जाऊन सांगतो की हे गाव मला नकोय. हरणं, डुकरं, नीलगाई उभी पिकं खातात. कणग्या फुटतात. मग हत्ती आपल्या तीन मुलांना घेऊन येतो आणि घरं पाडतो. माणूस एकही मरत नाही, पण पावसाळा संपेपर्यंत नांगरलेल्या जमिनीवर जंगल उभं असतं. एका पोराच्या रागाने गाव नकाशावरून गेलं. हे मुलांचं पुस्तक!

त्यामुळे 1967च्या कार्टूनमध्ये डिस्नेने जे केलं त्याला मी ‘मूळ’ म्हणत नाही. नाचणारा माकडांचा राजा पुस्तकात नाहीच, माकडांना राजा नसतो हाच तर किपलिंगचा मुद्दा होता. आणि अजगर ‘का’ तिथे खलनायक नाही, तोच मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवतो. सर्किसने हे दोन्ही सरळ केलं. त्याच्याकडे माकडं मोगलीला पळवतात आणि गाणंबिणं न म्हणता शेरखानच्या पुढ्यात नेऊन टाकतात. ‘का’ही तिच्या जागी आली, म्हणजे कुणाच्याच बाजूची नसलेली, फार जुनी, सगळं आधीच ठाऊक असल्यासारखी. केट ब्लँचेटचा आवाज आहे, गोष्टही तीच सांगते. बगीराच्या गळ्यावरची पट्ट्याची खूण, तो राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला होता ही हकीकत, तीही परत आली. हे सगळं मला मनापासून आवडलं.

पण सर्किसने जे स्वतःच्या मनाचं घातलं त्याबद्दल लोक कमी बोलतात, आणि माझ्या मते खरा वाद तिथे व्हायला हवा.

एक म्हणजे ‘भूत’. पुस्तकात तो नाही. पांढऱ्याफटक रंगाचं, अशक्त, जरा वेगळं जन्मलेलं लांडग्याचं पिल्लू, मोगलीचा जिवलग. कळपात या दोघांनाच कोणी धरत नाही म्हणून यांची जोडी. पिल्लांची एक परीक्षा असते, बगीरा मागे लागतो आणि त्याच्या हाती न लागता पळायचं. मोगली त्यात हरतो. भूत त्याची समजूत काढायला येतं, तू खास आहेस म्हणून हरलास वगैरे. आणि मोगली रागाच्या भरात त्याला सांगतो की तू खास नाहीस, आई आपल्याला बरं वाटावं म्हणून तसं म्हणते. भूत मान खाली घालून निघून जातं.

पुढे मोगली माणसांत येतो. आधी पिंजऱ्यात, मग मेसुआच्या (मुंबईच्या फ्रीडा पिंटोने केली आहे) मायेने बाहेर. गावात होळी आहे, रंग आहेत, पोराला पहिल्यांदा बरं वाटतंय. एक गोरा शिकारी आहे, नाव जॉन लॉकवुड, आठवलं ना? तो मोगलीशी चांगला वागतो. आणि त्याच्या खोलीत, भिंतीवरच्या शिंगांमध्ये, मोगलीला पेंढा भरलेला भूत दिसतो.

माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. डिसेंबर 2018, चित्रपट नुकताच आलेला. मी मोठ्या उत्साहाने लावला, मामाला सगळं माहीत असतं ना. शेरखानच्या रक्ताळलेल्या जबड्याला तो अजिबात बिचकला नव्हता. इथे मात्र रडला नाही, ओरडला नाही, नुसता उठला आणि स्वयंपाकघरात माझ्या आईकडे गेला. "आजी, लांडग्यात पेंढा का भरतात?" आईने तव्यावरची पोळी उलटत सांगितलं, "मोठ्या लोकांना हौस असते बाबा. मालगुजारांच्या वाड्यात वाघाची मुंडकी असायची, त्यांना काचेचे डोळे लावायचे." मदत करायला गेली आणि काचेचे डोळे त्याच्या डोक्यात सोडून आली. तीन रात्री बहिणीचे मला फोन.

नंतर कळलं की त्याला पेंढ्याचं तेवढं नव्हतं. शेवटचं बोलणं तसं झालं होतं, आणि आता माफी मागता येणार नव्हती, हे त्याला लागलं होतं. शाळेत त्याने कुणाला तरी काहीतरी म्हटलं होतं म्हणे. तुमच्या मुलीला आठव्या वर्षी हे झेपेल की नाही ते तुम्हीच ठरवा. मी नको म्हणतो ते यासाठी. वाघासाठी नाही.

दुसरी भर म्हणजे हा लॉकवुडच. इथे सर्किसने किपलिंगला सरळ उलटं टांगलंय. पुस्तकात दुष्ट कोण? गाव. अंधश्रद्धाळू, लोभी, गोऱ्यांच्या न्यायाला घाबरणारं गाव. मेसुआ आणि तिचा नवरा जीव वाचवायला पळतात ते कान्हीवाड्याला, कारण तिथे इंग्रज आहेत आणि ते असं विनाचौकशी जाळू देत नाहीत. साम्राज्याच्या भक्ताने लिहिलेली गोष्ट आहे, दुसरं काय होणार. चित्रपटात दुष्ट कोण? इंग्रज शिकारी, लेखकाच्या बापाचं नाव लावून आलेला. गाव बिचारं भोळं, रंग खेळणारं.

सव्वाशे वर्षांनी हा टोमणा मारला गेला याची मला गंमत वाटली. पण त्यात एक गोष्ट हातची गेली. पुस्तकातला मोगली दोन्हीकडून हाकलला जातो, लांडग्यांनी माणूस म्हणून हाकललं आणि माणसांनी लांडगा म्हणून. चित्रपटात लांडगे हाकलतात, गाव मात्र त्याला अंगणात नाचवतं. सगळं पाप एका गोऱ्याच्या डोक्यावर ठेवलं की बाकीचे सुटतात, आपणही सुटतो. चेटकीण ठरवून बाईला छळायच्या बातम्या आजही येतात, त्यासाठी इंग्रज लागत नाही. म्हणून मी म्हणतो, लोक ज्याला फार काळोखा म्हणतात तो चित्रपट या एका जागी पुस्तकापेक्षा मवाळ आहे.

बाकी खोटं कशाला बोलू, चित्रपट सगळा जमलेला नाही. शेवट घाईत उरकलाय. शेरखान, शिकारी, हत्ती सगळे एकाच ठिकाणी एकाच वेळी येतात आणि भराभर निकाल लागतो. प्राण्यांचे चेहरे नटांच्या चेहऱ्यांवरून घडवलेत, त्यामुळे बगीराच्या तोंडावर मधूनच ख्रिश्चन बेल दिसतो आणि लक्ष उडतं. काही ठिकाणी ते थरारक वाटतं, लांडग्यांच्या बाबतीत मात्र विचित्रच. आणि लांडगा-बापाचं नाव काय, तर विहान! एकोणिसाव्या शतकातल्या सातपुड्यात विहान. आमच्या गल्लीतल्या बालवाडीत तीन आहेत. रोहन चंद या पोराने मात्र काम जीव ओतून केलंय. चित्रीकरण 2015 साली झालं, तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा, आणि समोर प्राणी नाहीतच, तोंडावर ठिपके लावलेली मोठी माणसं.

मग हा एवढा मागे का पडला, तर वेळेमुळे. वॉर्नर ब्रदर्सने तो आधी 2016 साठी ठरवला होता. त्याच वर्षी डिस्नेचा आला आणि आपल्याकडे तर तुफान चालला. वॉर्नरने पुढे ढकलला, मग 2018मध्ये नेटफ्लिक्सला विकूनच टाकला. पहिला खेळ 25 नोव्हेंबर 2018 रोजी मुंबईत झाला, म्हणजे किपलिंग जन्मला त्याच शहरात. मोठ्या पडद्यावर फारसा कुणी बघितलाच नाही.

हिंदीत बघणार असाल तर शेरखानला जॅकी श्रॉफ आहे आणि बगीराला अभिषेक बच्चन, ‘का’ करीना कपूर, बल्लू अनिल कपूर. लांडग्यांची आई माधुरी दीक्षित. मुलीला हिंदी बरी येत असेल तर हिंदीतच लावा, ओळखीचे आवाज असले की भीती थोडी पातळ होते. भाच्याला दुसऱ्यांदा तसाच दाखवला, तो बारा वर्षांचा झाल्यावर. या वेळी उठला नाही. भूत दिसला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, पुढे नको नेऊस." तोवर त्याने पुस्तकाचा मराठी अनुवाद वाचला होता.

तोवर तिच्यासाठी एक सुचवतो. चित्रपट बाजूला ठेवा आणि पुस्तकातली रानकुत्र्यांची गोष्ट तिला स्वतः सांगा. सर्किसने ती घेतलेली नाही. दख्खनेतून रानकुत्र्यांची प्रचंड झुंड वर येते (आमच्याकडे त्यांना कोळसून म्हणतात, नागझिऱ्यात आजही दिसतात). लांडग्यांचा निभाव लागणं शक्य नाही. मग मोगली ‘का’चा सल्ला घेतो, झाडावर बसून झुंडीला दिवसभर शिव्या घालून चिडवतो, त्यांच्या म्होरक्याचं शेपूट कापतो आणि पळत सुटतो. थेट वैनगंगेच्या कपारीकडे. तिथे कड्यावर आग्यामोहोळं लटकलेली. माश्या उठतात तेव्हा हा कड्यावरून नदीत उडी टाकतो, खाली ‘का’ त्याला धरायला पाण्यात थांबलेला असतो, आणि मागून येणाऱ्या कुत्र्यांवर माश्यांचा ढग कोसळतो. त्याच रात्री म्हातारा अकेला लढता लढता मरतो. मरण आहे, पण त्यात काचेचे डोळे नाहीत. आठ वर्षांच्या मुलीला चालतं. मी सांगून बघितलंय.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याला घेऊन भंडाऱ्याला जात होतो. कारध्याच्या पुलावर गाडी हळू झाली, खाली वैनगंगा, एप्रिलची, वाळूतून वाट काढत चाललेली. आता तो मिसरूड फुटलेला घोडा, कानात इयरफोन घालून बसलेला. ते काढून म्हणाला, "मामा, आग्यामोहोळं कोणत्या बाजूला होती?" मी वरच्या अंगाला हात केला, सिवनीकडे. पूल संपेपर्यंत तो तिकडेच बघत होता.